साहित्य आधी, कृती नंतर

विज्ञानाची प्रयोगवही आपण सगळ्यांनी कधी ना कधी एकमेकांची उतरवून काढलेली आहे, त्यामुळे तिचे मथळे कोणी विसरलं असेल असं वाटत नाही. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. आपले विज्ञानाचे सर 'साहित्य' नीट वाचल्याशिवाय 'कृती'कडे बघतही नसत. स्पिरिटचा दिवा लिहिला आणि काडेपेटी लिहायची राहिली, की वही परत. "दिवा काय फुंकर मारून पेटवणार आहेस?" हे वाक्य माझ्याही वाट्याला आलेलं आहे.

सरांचा हा आग्रह उगाच नव्हता. आपल्या प्रयोगशाळेत एक कपाट, दोन टेबलं आणि एक सांगाडा, एवढंच होतं. बाकीचं सगळं सर सायकलच्या कॅरिअरला लावलेल्या खाकी पिशवीतून घरून आणत. पिशवीत काही राहिलं तर गावात ते मिळणार नव्हतं, आणि त्या दिवशीचा प्रयोग गेलाच.

स्मरणिकेसाठी "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं लिही" असं संपादक मंडळानं बजावलं आहे. गेली चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. या काळात ज्या गोष्टीचा इतिहास मला मनापासून आवडला, ती म्हणजे लिनक्स हे सॉफ्टवेअर इंटरनेट नसलेल्या ठिकाणी कसं पोचलं. फ्लॉपीवरून, सीडीवरून, पेन ड्राइव्हवरून. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. हा इतिहास शेवटी आपल्या शाळेपर्यंत येतो. त्यात माझी एक मोठी चूकही आहे. ती मी लपवणार नाही, कारण सर हा लेख वाचतील आणि त्यांना ती माहीत आहे.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, विंडोजच्या जागी बसणारी. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं ऑगस्ट १९९१ मध्ये आपण असं काही लिहीत असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवली. आपण तेव्हा सहावीत होतो. ज्यांच्याकडे विद्यापीठाचं इंटरनेट होतं त्यांनी ती उतरवून घेतली. पण घरच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. म्हणजे विद्यापीठात फ्लॉपीवर भरायचं आणि घरी न्यायचं. लिनक्सचा प्रवास पहिल्या दिवसापासून असा खिशातून झालेला आहे.

फ्लॉपीचा या कथेत आणखी एक मान आहे. पहिल्या आवृत्तीच्या परवान्यात अशी अट होती, की हे वाटा, पण त्याचे पैसे घेऊ नका, हाताळणीचा खर्चसुद्धा नको. अट उदात्त होती, पण फ्लॉपी काही फुकट मिळत नव्हती. ज्यांना मेळाव्यांतून नकला करून वाटायच्या होत्या, त्यांना निदान फ्लॉपीचा खर्च तरी निघायला हवा होता. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सनं ती अट काढली आणि लिनक्स जीपीएल या परवान्याखाली आणलं. त्याचा मतितार्थ असा: नक्कल करा, वाटा, विका, बदला, पण पुढच्या माणसालाही हे सगळे हक्क तसेच द्या. पुढे सीडी विकणारे, मासिकाबरोबर सीडी देणारे, वसतिगृहात एकमेकींना सीडी देणाऱ्या आम्ही मुली, सगळे या बदलावर उभे होतो. आमच्या काळात दुकानदाराकडून संगणक जोडून घेतला की त्यात चोरीचं सॉफ्टवेअर न मागताच भरून मिळे. लिनक्सची नक्कल मात्र राजरोस होती. मैत्रिणीची वही तिच्या परवानगीनं उतरवून घ्यावी, तशी.

सुरुवातीला 'बूट' आणि 'रूट' अशा दोन फ्लॉपींवर लिनक्स चालू करता येई, पण त्यापुढचं सगळं आपलं आपण जुळवायचं. म्हणून १९९२ मध्ये काही जणांनी तयार संच बांधायला घेतले. इंग्लंडमधल्या मँचेस्टर कम्प्युटिंग सेंटरनं एक केला. पीटर मॅकडोनल्ड यांनी एसएलएस नावाचा मोठा संच केला. तो खूप वापरला गेला, पण त्यात चुकाही भरपूर होत्या. गंमत अशी, की त्या चुकांना वैतागलेल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९३ च्या उन्हाळ्यात महिन्याभराच्या अंतरानं आपापले संच सुरू केले, आणि ते दोन्ही आजही चालू आहेत.

त्यांतला पहिला पॅट्रिक व्होल्करडिंग, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मूरहेड इथे शिकत होता. एका अभ्यासासाठी त्याला लिस्प ही संगणकभाषा हवी होती, ती लिनक्सवर मिळाली, म्हणून त्यानं एसएलएस घेतलं. त्याच्या प्राध्यापकांना ते आवडलं. त्यांनी आधी घरच्या संगणकावर आणि मग प्रयोगशाळेतल्या काही संगणकांवर ते बसवून मागितलं. प्रत्येक संगणकावर बसवून झालं की त्याच त्या चुका पुन्हा हातानं दुरुस्त कराव्या लागत, आणि बसवण्याइतकाच वेळ त्यात जाई. शेवटी गुरू-शिष्यांनी मूळ फ्लॉपींमध्येच दुरुस्त्या घालून ठेवल्या. त्यातून जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर बाहेर आलं. पहिली आवृत्ती चोवीस फ्लॉपींची होती. एका शैक्षणिक प्रयोगशाळेतले संगणक चालू करण्याच्या खटपटीतून जगातला एक जुना लिनक्स संच जन्माला आला, हे मला शिक्षकांनी भरलेल्या या स्मरणिकेत आवर्जून सांगायचं होतं.

चोवीस फ्लॉपी म्हणजे काय ते ज्यांनी फ्लॉपी वापरली त्यांनाच कळेल. एकीची क्षमता १.४४ एमबी, आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यावर मावणार नाही. सतराव्या फ्लॉपीवर धूळ बसलेली असली की "वाचता येत नाही" असा संदेश येई, आणि ज्याच्याकडून नक्कल केली त्याच्याकडे परत जावं लागे. म्हणून स्लॅकवेअरनं फ्लॉपींचे गट पाडले आणि त्यांना अक्षरं दिली. 'ए' म्हणजे पायाभूत, 'डी' म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची अवजारं, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'एक्स' म्हणजे चित्रमय पडदा, 'वाय' म्हणजे खेळ. ज्याला खेळ नकोत त्यानं 'वाय' गटाच्या फ्लॉपी भरायच्याच नाहीत. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण स्लॅकवेअरमधल्या कप्प्यांची नावं अजूनही तीच अक्षरं आहेत.

दुसरा विद्यार्थी इयान मर्डॉक, पर्ड्यू विद्यापीठातला. १६ ऑगस्ट १९९३ ला त्यानं डेबियनची घोषणा केली. नाव मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान यांचं मिळून. डेबियननं जी गोष्ट मनावर घेतली ती थेट आपल्या प्रयोगवहीतली आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर एका पुडक्यात, म्हणजे पॅकेजमध्ये बांधायचं आणि त्या पुडक्यावर साहित्याची यादी लिहायची: याला चालायला आणखी कोणकोणती पुडकी लागतात. तांत्रिक भाषेत याला डिपेन्डन्सी म्हणतात. पुडकं उघडून बसवणारा प्रोग्रॅम, डीपीकेजी, आधी ही यादी वाचतो. यादीतली वस्तू संगणकावर नसेल तर ते सॉफ्टवेअर चालू करून द्यायला तो नकार देतो. रेड हॅट कंपनीनं १९९५ मध्ये आणलेली आरपीएम पद्धतही याच वळणाची.

डीपीकेजीच्या बरोबर एक छोटा प्रोग्रॅम येतो, डीपीकेजी-स्प्लिट. मोठ्या पुडक्याचे फ्लॉपीवर मावतील असे तुकडे करायचे आणि दुसरीकडे नेऊन पुन्हा सांधायचे, एवढंच त्याचं काम. तुकडा किती मोठा हवा हे सांगितलं नाही तर तो साडेचारशे किलोबाइटचे तुकडे पाडतो. आजच्या नव्याकोऱ्या डेबियन किंवा उबुंटू संगणकावरही तो असतो. घरात फळीवर आजीचा अडकित्ता असतो ना, कोणी वापरत नाही आणि कोणी टाकतही नाही, तसा.

मग सीडी आली. एका सीडीवर ६५० एमबी, म्हणजे साडेचारशे फ्लॉपींचा ऐवज. यग्ड्रासिल नावाचा संच १९९२ च्या अखेरीसच सीडीवर आला होता, पण त्या काळी सीडी वाचणारं यंत्र होतं किती जणांकडे? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं, तेही मोठ्या शहरांत. त्या सकाळी आपण दहावीचे म्हणून झेंडावंदनाला पुढच्या रांगेत उभे होतो आणि असं काही घडतंय याची गंधवार्ताही आपल्याला नव्हती. पुढे फोनच्या तारेवरून ५६ केबीपीएसचे मोडेम आले. कागदावरचा पूर्ण वेग मिळाला असं धरलं तरी एक सीडी भरेल एवढा मजकूर उतरवायला सव्वीस-सत्तावीस तास लागतात. तेवढा वेळ फोन अडकवून ठेवणं आणि त्याचं बिल भरणं कोणाला परवडणार होतं?

ही कोंडी भारतात मासिकांनी फोडली. 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकानं १९९६ साली, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी, अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली आणि पुढे अनेक वर्षं देत राहिले. या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. २०१३ मध्ये ते गेले, तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी इंजिनिअरांना आपली पहिली सीडी आठवली. बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या अंकाच्या किमतीत अख्खी संगणकप्रणाली घरात येत होती.

माझी पहिली सीडीही अशाच एका अंकाबरोबरची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहात आम्ही चौघींनी मिळून एक संगणक जोडून घेतला होता. लिनक्स बसलं, पण सी भाषेच्या अभ्यासाला लागणारं एक पॅकेज बसेना. पडद्यावर 'फेल्ड डिपेन्डन्सीज' आणि खाली पाच नावं. त्यातली तीन सीडीवर सापडली. उरलेल्या दोघांपैकी एकाला आणखी दोन हवी होती. मी एका वहीच्या पाठीमागे वंशावळ काढावी तशी ती नावं लिहीत गेले. ती पॅकेजेस ज्या दुसऱ्या सीडीवर होती, ती मुलांच्या वसतिगृहात होती. रात्री नऊनंतर आम्हाला गेटबाहेर पडता येत नसे. मुलांचं काय, बाराला आठवण झाली तर बाराला एकमेकांच्या खोलीत जाऊन सीडी आणत. आमच्याकडे सीडी यायची ती दुसऱ्या दिवशी, दोन्ही वसतिगृहांच्या वॉचमनकाकांच्या टेबलांवरून. ज्या गोष्टीला मुलांना एक रात्र पुरे, तिला आम्हाला आठवडा लागे. त्या आठवड्यानं मला एक सवय मात्र लावली: सीडी मागायच्या आधी पूर्ण यादी करायची, कारण दुसरी फेरी महाग आहे.

हीच अडचण डेबियनच्या लोकांनी जगभरासाठी सोडवली. मार्च १९९९ च्या आवृत्तीपासून त्यांनी ॲप्ट नावाचा प्रोग्रॅम आणला. त्याला फक्त हवं ते नाव सांगायचं. यादीतली यादी, तिच्यातली यादी तो स्वतः सोडवतो. त्याचा जोडीदार ॲप्ट-सीडीरॉम. घरातल्या सगळ्या सीडी त्याला एकदा दाखवल्या, की कोणत्या सीडीवर काय आहे ते तो लक्षात ठेवतो आणि नंतर "अमुक नावाची सीडी घाला" असं स्वतःच सांगतो. डेबियन तोवर एका सीडीत मावेनासं झालं होतं. २००२ च्या आवृत्तीला सात सीडी लागत. मग प्रश्न आला, की एखाद्याला एकच सीडी मिळाली तर? त्यावरचं उत्तर मला फार आवडतं. ज्यांना इच्छा आहे त्यांचे संगणक, आपण कोणती पॅकेजेस वापरतो हे डेबियनला कळवतात. त्या मोजणीवरून सर्वांत जास्त लागणारी पॅकेजेस पहिल्या सीडीवर, त्याहून कमी लागणारी दुसरीवर, असा क्रम लावला जातो. नेट असलेल्यांच्या वापरावरून नेट नसलेल्याच्या ताटात आधी काय वाढायचं ते ठरतं.

२००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटू आलं. त्यांनी तर कमाल केली. पत्ता कळवला की जगात कुठेही सीडी पोस्टानं घरपोच, फुकट. ही योजना २०११ पर्यंत चालली. माझ्याही घरी पाकीट आलं होतं. ऑफिसात वेगवान इंटरनेट असूनही त्या सीडीचं मला अप्रूप वाटलं होतं. पण अडचण तिथेही होतीच. एमपीथ्री गाणं वाजवायला लागणारं पॅकेज पेटंटच्या भानगडीमुळे त्या सीडीवर घालता येत नव्हतं. ते नेटवरून घ्यावं लागे. म्हणजे पाकीट खेड्यात पोचलं, प्रणाली बसली, आणि गाणं काही वाजेना.

आता माझ्या चुकीकडे येते.

२०१४ साली एका कंपनीनं जुने झालेले दहा संगणक आपल्या शाळेला दिले. त्यावर काहीच भरलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांचा फोन आला आणि मी उत्साहानं "मी येते, लिनक्स बसवून देते" म्हणाले. शनिवारी सकाळी पुण्याहून निघून दहाला शाळेत हजर झाले. सातवीची मुलं आधीपासून हात धुऊन रांगेत बसली होती. मी सोबत नेली होती डेबियनची 'नेटइन्स्ट' सीडी. तिच्या नावातच सगळं आहे: ती थोडासा पाया बसवते आणि उरलेलं नेटवरून आणते. ऑफिसात मी नेहमी तीच वापरत असे, हाताला तीच सवय. शाळेत इंटरनेट नव्हतं, आणि त्या खोलीत मोबाइललाही रेंज नव्हती. पाया बसला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'लॉगिन' एवढा शब्द आला, आणि तिथून पुढे काही नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये चित्र काढायचं टक्सपेंट होतं, म्हटलं निदान तेवढं तरी देऊ. त्याला टक्सपेंट-डेटा हवं, चित्र आणि आवाज सांभाळणारी एसडीएलची पॅकेजेस हवीत. आणि मुळात माझी पॅकेजेस ६४ बिटची, शाळेचे संगणक ३२ बिटचे. एकही बसलं नाही. बारा वाजता शाळा सुटली. एका मुलीनं जाताना विचारलं, "ताई, चालू कधी होणार?"

चहा घेताना मी मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, इथे नेट नाही, त्यामुळे होत नाहीये." आपले विज्ञानाचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मी येणार म्हणून मुद्दाम आले होते. ते शांतपणे म्हणाले, "नेट नाही हे तुला निघताना माहीत होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मग साहित्यात का नाही लिहिलंस?"

मित्रमैत्रिणींनो, बारा वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबानं मला इतकं नेमकं पकडलं नव्हतं. मी जन्मले, वाढले त्याच गावात येऊन, गावात काय नाही ते गावालाच सांगत होते. चोवीस फ्लॉपींचे गट पाडणाऱ्यानं, पहिल्या सीडीवर काय हवं याची मोजणी करणाऱ्यानं असला प्रयोग नेट नसलेल्या माणसासाठी आधीच मांडून ठेवला होता. मी फक्त पिशवी न भरता आले होते.

परतल्यावर प्रयोगवही काढावी तशी एक वही काढली. उद्देश: दहा संगणक, नेटशिवाय. साहित्य: ३२ बिटची पूर्ण सीडी, एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप असलेली, कारण संगणकांची मेमरी कमी, सीडीच हवी, कारण ते पेन ड्राइव्हवरून चालू होत नाहीत, बाकीची पॅकेजेस डिपेन्डन्सीसकट पेन ड्राइव्हवर, आणि त्यांची सूची. ही सूची महत्त्वाची. दुकानात माल नुसता ओतून चालत नाही, कोणत्या फळीवर काय आहे त्याची वही लागते. तशी सूची तयार करून दिली की ॲप्ट पेन ड्राइव्हलाच दुकान समजून माल उचलतो. मग घरी एक जुना संगणक मांडला, राउटरची पिन काढून ठेवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा करून बघितलं. दीड महिन्यानं पुन्हा शाळेत गेले. दुपारपर्यंत दहाही संगणक चालू झाले.

तरी एक राहिलंच. मुलांनी स्वतःचं नाव मराठीत लिहायला घेतलं, तर पडद्यावर नुसते चौकोन. देवनागरी फॉन्ट मी विसरले होते! मराठी शाळेत जाताना मराठी अक्षरंच पिशवीत नव्हती. या वेळी मी नेटला दोष दिला नाही. ॲप्ट-ऑफलाइन नावाचा एक प्रोग्रॅम मी पहिल्या फजितीनंतर शोधून ठेवला होता. तो ऋतेश राज सर्राफ या भारतीय माणसानं लिहिलेला आहे. वाणसामान आणावं तशी त्याची रीत आहे. नेट नसलेल्या संगणकावर आधी यादीची फाइल बनते. ती पेन ड्राइव्हवर घालून नेट असलेल्या कुठल्याही संगणकावर न्यायची, तो विंडोजचा असला तरी चालतो. तिथे यादीबरहुकूम सगळी पुडकी एका गाठोड्यात बांधली जातात. गाठोडं परत आणून सोडलं की झालं. आपल्या वर्गातला, बाजारपेठेत मेडिकलचं दुकान असलेला मित्र त्याच आठवड्यात माल आणायला पुण्याला येणार होता. यादी घेऊन तो आला आणि गाठोडं घेऊन गेला. शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी फोनवर विचारत विचारत ते बसवलं. त्यात रेड हॅटनं २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले 'लोहित' फॉन्ट होते. लोहित म्हणजे लाल. संध्याकाळी बाईंचा मेसेज आला: "अक्षरं आली."

असं हातोहात आलेलं गाठोडं खरं कशावरून, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडायलाच हवा. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरूनही पसरत असे. इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रं मुद्दाम नेटपासून तोडलेली होती, तरी तो तिथे पोचला. डेबियननं यावर २००७ च्या आवृत्तीपासून बंदोबस्त केलेला आहे. प्रत्येक पुडक्याचा गणिती ठसा सूचीत असतो, सूचीचा ठसा एका मुख्य पत्रात असतो आणि त्या पत्रावर डेबियनची डिजिटल सही असते. एक अक्षर जरी वाटेत बदललं तरी ठसा जुळत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह कोणाच्या हातून आली याला महत्त्व राहत नाही. मात्र ॲप्टला वगळून सुटं पुडकं थेट डीपीकेजीनं बसवलं, तर ही सही कोणी तपासत नाही. घाईत अनेक जण तेच करतात. तुमच्या मुलांना एवढं जरूर सांगा. बँका, वीजकेंद्रांचे नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी आजही काही संगणक जाणूनबुजून नेटपासून दूर ठेवतात आणि त्यांच्यात सॉफ्टवेअर असंच तपासून, हातानं नेलं जातं. आपल्या शाळेची अडचण ही त्यांची शिस्त आहे.

त्या दहा संगणकांपैकी चार अजून चालतात. मध्ये दोनदा जाऊन मी नवीन आवृत्त्या बसवून आले. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे. त्यांच्यासाठी आता बाराव्या आवृत्तीपर्यंतच रस्ता आहे, आणि तिचा सांभाळ जून २०२८ पर्यंतच होणार आहे. हा कुणावर रागवायचा विषय नाही. इतक्या जुन्या यंत्रांसाठी पुडकी बांधत बसणारे हातही थोडेच असतात. पण चार संगणकांवर तीस-पस्तीस मुलं बसतात, हेही खरं आहे.

म्हणून एक विनंती करून थांबते. तीस वर्षांनी आपण शाळेत जमतो आहोत. ज्यांच्या ऑफिसात किंवा घरी ६४ बिटचे जुने संगणक अडगळीत पडले असतील, त्यांनी ते संमेलनाला येताना गाडीत टाकून आणावेत. कीबोर्ड, माउस आणि पॉवर केबलसकट आणावेत, हे मुद्दाम लिहिते आहे. शाळेत आता एक नेट जोडणी आहे, ती कधी असते कधी नसते, आणि मी ती धरलेलीच नाही. मी आदल्या दिवशी येईन. साहित्याची यादी संगणक खोलीच्या कपाटाला आतल्या बाजूनं चिकटवलेली आहे. सर यंदा येणार आहेत असं कळलं. आल्यावर ते आधी ती यादी वाचणार याची मला खात्री आहे, म्हणून काडेपेटीपासून सगळं लिहून ठेवलं आहे.